ताण आणि वेढा

गाडीच्या इंजिनाच्या एका अंगाला, बहुतेक वेळा चाकाकडच्या अरुंद फटीत, काळ्या रबराचा एक अखंड पट्टा फिरत असतो. क्रँकशाफ्टवरची पुली त्याला ओढते आणि तो वाटेत येईल त्याला फिरवत पुढे जातो: वीज तयार करणारा अल्टरनेटर, इंजिनात पाणी खेळवणारा वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, आणि स्टिअरिंग अजून तेलाच्या दाबावर चालत असेल तर त्याचाही पंप. पूर्वी या कामांना व्ही आकाराचे वेगवेगळे पट्टे असत. आतला एक बदलायचा तर त्याच्या पुढचे दोन उतरवावे लागत. १९७९च्या फोर्ड मस्टँगमध्ये एकाच रुंद पट्ट्याने ही सगळी कामे अंगावर घेतली आणि पुढे ती रीत जगभर रुळली. कंपनीच्या पुस्तकात हा सर्पेंटाइन बेल्ट. सुट्या भागांच्या दुकानात मात्र तो आजही फॅन बेल्ट म्हणूनच मागितला जातो, रेडिएटरचा पंखा कधीचाच विजेवर फिरू लागला असला तरी.

त्याचे कष्ट डोळ्यांना दिसत नाहीत, कारण फिरताना तो जागच्या जागी थांबल्यासारखा भासतो. क्रँकची पुली १५ सेंटिमीटर व्यासाची आणि पट्टा पावणेदोन मीटर लांबीचा धरला, तर गाडी उभी असताना, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, पट्टा सेकंदाला साडेतीन वेळा आपली वाट पुरी करतो. इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेले की त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. वाटही सरळ नाही. एका पुलीवर तो पोटाने वळतो, तर पुढच्या पुलीवर पाठीने. पोटाला लांबच लांब उभ्या धारा असतात, त्या खाचांच्या पुलीत बसतात. पाठ सपाट असते, ती गुळगुळीत पुलीवर टेकते. असा दोन्ही अंगांनी वाकत राहणारा पट्टा झिजतो यात नवल नाही; तो लाखभर किलोमीटर टिकतो हेच नवल.

ही वळणे जागा वाचवण्यासाठी आहेतच, पण त्यांचे खरे कारण पकडीत आहे. पट्टा पुलीला किती अंशांत वेढा घालतो यावर तो किती ओढ देऊ शकेल हे ठरते. गणितज्ञ ऑयलर यांच्या सूत्राप्रमाणे हा हिशेब सरळ बेरजेने वाढत नाही, तर पटीने वाढतो. घर्षणांक ०.३ धरला, तर पाव वेढ्यात पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर १.६पर्यंत जाते आणि अर्ध्या वेढ्यात अडीचच्या पुढे. म्हणून वाटेत रिकाम्या फिरणाऱ्या आयडलर पुली ठेवलेल्या असतात. त्या स्वतः काही चालवत नाहीत, फक्त पट्ट्याला शेजारच्या पुलीभोवती अधिक वळवतात. उरतो तो ताण. गावच्या पिठाच्या गिरणीत पट्टा घसरू लागला की त्याला राळ फासत. मोटारीच्या पट्ट्याला असे काही फासू नये: चिकट थरात धूळ बसते आणि धारा लवकर झिजतात. इथे ताण राखायला स्प्रिंगचा टेन्शनर असतो. पट्टा किंचित लांबला की तो तेवढाच पुढे सरकतो आणि ढिलाई खाऊन टाकतो.

जुने पट्टे निओप्रीनचे असत. ते म्हातारपण लपवत नसत. धारांवर आडव्या भेगा पडत आणि त्या मोजून निर्णय घेता येई. गेल्या दोन-अडीच दशकांतले पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे आहेत. उष्णता ते जास्त सोसतात आणि सहसा भेगाळत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. धारांमधली दरी खोल आणि रुंद होत जाते, पुलीच्या खाचेचा तळ पट्ट्याला टेकू लागतो आणि पाचरीची पकड सुटते. वरून पाहणाऱ्याला मात्र पट्टा नव्यासारखाच दिसतो. म्हणून तो पोटाकडून उजेडात पाहावा. धारेचा तुकडा निघालेला, कडेचे दोरे सुटलेले, पोट काचेसारखे चकाकणारे किंवा तेलाने फुगलेले असेल, तर किलोमीटर मोजत बसू नये.

बिघाडाची पहिली खबर बहुधा कानांना लागते. लयीत येणारी चिमणीसारखी चिवचिव म्हणजे एखादी पुली रेषेत नाही; एसी लावताच किंवा वेग घेताच उठणारी लांब किंकाळी म्हणजे पट्टा घसरतो आहे. शंका असेल तर इंजिन चालू असताना, हात दूर ठेवून, पट्ट्याच्या पोटावर पाण्याचा हलका फवारा मारतात. आवाज क्षणभर थांबून परत आला तर दोष रेषेचा. आवाज वाढला तर ताणाचा. पावसाळ्यात सकाळी पहिल्या मिनिटापुरता येणारा आवाज निव्वळ ओलाव्याचा असू शकतो. रोज येऊ लागला तर तो ओलाव्याचा नव्हे.

दुर्लक्ष झाले आणि पट्टा वाटेत तुटला, तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी गरम हवा फेकू लागतो, तेलाच्या दाबावरचे स्टिअरिंग जड होते. काही डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. तिथे ब्रेकही दगडासारखा लागतो. वॉटर पंप याच पट्ट्यावर असेल तर तापमानाचा काटा काही मिनिटांत चढतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे हाच शहाणपणा. पुढचे दोन किलोमीटर रेटण्याची किंमत हेड गॅस्केटमध्ये मोजावी लागते.

नवा पट्टा घेताना त्याच्या पाठीवरचा क्रमांक जुळवावा. ‘६ पीके १७५०’ म्हणजे सहा धारा, पीके जातीचा छेद आणि १,७५० मिलिमीटर लांबी. एसी असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलची लांबी वेगळी असते. काही गाड्यांत टेन्शनर नसतो. तिथे ताणून बसवायचा लवचिक पट्टा असतो. त्याला खास हत्यार लागते आणि तो उतरवायचा म्हणजे कापायचाच, हे आधी माहीत असावे. झाकणाआडचा टायमिंग बेल्ट ही तर पूर्ण वेगळी गोष्ट. त्याला घरी हात लावू नये.

काम थंड इंजिनावर, सपाट जागी, हँडब्रेक ओढून करायचे. किल्ली काढावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, कारण रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. मग पट्ट्याची वाट नोंदवावी. बोनेटच्या आतल्या बाजूला तिचे चित्र कधी चिकटवलेले असते, कधी नसते. फोनवर फोटो काढावा आणि कागदावर हाताने रेखाटनही करावे. फोटोत आडोशाची पुली दिसत नाही आणि रेखाटताना ती शोधावीच लागते. वरून हात पुरत नसेल तर पुढचे चाक आणि आतले प्लॅस्टिकचे झाकण काढावे लागते. अशा वेळी गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर टेकवावी.

टेन्शनरच्या बोल्टवर किंवा चौकोनी खाचेत लांब दांड्याचा पाना बसवून तो पट्टा ढिला होईल त्या दिशेला फिरवतात. स्प्रिंग जोरदार असते. पाना निसटला तर बोटे चेचतात. एका हाताने पाना धरून दुसऱ्या हाताने पट्टा सर्वांत सोप्या पुलीवरून सरकवायचा आणि टेन्शनर हळूहळू परत सोडायचा. पट्टा निघाला की घाई संपली. या मोकळ्या वेळेत प्रत्येक पुली बोटाने फिरवून पाहावी. खरखर म्हणजे बेअरिंग गेले. डुगडुग म्हणजे जाण्याच्या वाटेवर आहे. टेन्शनरचा हात अडखळत असेल तर नवा पट्टाही लवकर मरेल. वॉटर पंपाखाली पाण्याचा पांढुरका माग किंवा वरून तेलाची ओल दिसली तर आधी ती गळती थांबवावी. खाचांत रुतलेली माती कोरड्या ब्रशने काढावी. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर धावलेल्या गाडीत ती हमखास सापडते.

जुना आणि नवा पट्टा शेजारी लटकवून रुंदी व लांबी ताडून घ्यावी. जुना काही मिलिमीटर लांब निघाला तर ते झिजेचे आहे. नवा पट्टा क्रँकच्या पुलीपासून वाटेप्रमाणे ओवत न्यावा आणि शेवटची पुली अशी ठेवावी, जी गुळगुळीत आहे आणि हाताशी आहे. टेन्शनर पुन्हा ओढून पट्टा तिच्यावर चढवायचा. मग टॉर्च घेऊन एकेक पुली तपासायची. एक धार खाचेबाहेर राहिली तर पट्टा काही किलोमीटरांत कड उलगडून फाटतो. घरी केलेल्या कामात हीच चूक सर्वांत जास्त होते. शक्य असेल तिथे क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन दोन फेऱ्या हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवावे आणि धारा पुन्हा पाहाव्यात.

हत्यारे मोजून बाहेर काढली, वायर जोडली, की इंजिन सुरू करून बाजूने पाहावे. पट्टा कडेला सरकू नये आणि टेन्शनरचा हात थरथरू नये. मग हेडलाइट, एसी आणि पंखा एकदम लावून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पट्ट्यावर सगळा भार टाकावा. या भारात आवाज आला नाही आणि बॅटरीचा दिवा लागला नाही, तर काढलेली झाकणे परत बसवावीत. चारपाचशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर धारा, कडा आणि टेन्शनरवरची ताण दाखवणारी खूण एकदा पाहून घ्यावी, आणि सर्व्हिसच्या वहीत तारखेबरोबर किलोमीटरचा आकडा आणि पट्ट्याचा क्रमांक लिहून ठेवावा.