काट्यावरचा शिक्का

सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दुचाकीवरून केलेला प्रवास मोजला असता, तर तो कित्येक हजार किलोमीटर भरला असता. परंतु तो सगळा मागच्या सीटवर बसून केलेला होता. गाडी चालवीत ते धाकटे बंधू. थोरल्याने मागे बसून वसुलीची वही सांभाळायची आणि धाकट्याने हॅन्डल सांभाळायचे, ही दोघा भावांची वाटणी कोणी काही न बोलताच ठरून गेली होती. मोंढ्यातील किराणा मालाची वडिलार्जित पेढी, आसपासच्या खेड्यांतील लहान दुकानदार, आठवड्यातून तीन फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला चाळीस-पन्नास किलोमीटरची वाट, असा तो क्रम वीस वर्षांहून अधिक काळ अव्याहत चालला.

मग धाकट्याने मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला बिऱ्हाड हलविले आणि तेथेच स्वतंत्र दुकान थाटले. भाऊ समाधानाने वेगळे झाले, हिशेब प्रेमाने मिटला. जुनी शंभर सीसीची मोटारसायकल मात्र पेढीपुढे उभी राहिली, आणि तिच्यावर बसणारा कोणी उरला नाही.

पहिले दोन महिने त्यांनी एस.टी.ने जाऊन पाहिले. सकाळची गाडी मिळे. परतीची मिळेल तेव्हा मिळे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम त्यांनी तरुणपणापासून पाळला होता. त्या दोन महिन्यांत अनेकदा ते फाट्यावरच्या झाडाखाली मावळता सूर्य पाहत उभे राहिले आणि घरी येऊन तसेच उपाशी निजले. वसुली तर निम्म्यावर आलीच. खेड्यातला दुकानदार पैसे बुडवीत नाही; पण जो ठरल्या वारी येत नाही, त्याचे पैसे तो बाजूला काढूनही ठेवीत नाही.

अखेर एका रात्री त्यांनी घरात सांगितले, “मी गाडी शिकतो.”

पत्नी काही बोलली नाही. आई एवढेच म्हणाली, “शिक, पण जयणेनं चालव.” कन्या सुट्टीसाठी पुण्याहून आली होती. तिच्याकडे गिअरच्या दुचाकीचा पक्का परवाना होता. ती उत्साहाने म्हणाली, “पप्पा, मी शिकवते.” धाकटा मुलगा बारावीत, सतरा वर्षांचा. तो गालांत हसला. त्याला गाडी येतच होती. ट्रान्सपोर्टच्या कचेरीतून पार्सल आणायला, बँकेत भरणा करायला तोच जाई. दोन गल्ल्यांचे तर अंतर, असे म्हणून चावी त्याच्या हातात देणारे तेच होते.

शिकाऊ परवान्याची परीक्षा हल्ली आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या संगणकावर देता येते. चाळीशी उलटलेल्या अर्जदाराला त्याबरोबर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्ज भरून देणारा एजंट सहज म्हणाला, “शेठ, उत्तरं पोराला द्यायला सांगा. आणि पक्क्या परवान्याच्या वेळी तुम्ही गाडी चालवायचीही गरज नाही. माझ्याकडे सोपवा.” त्यांनी हसून विषय बदलला; मात्र त्याच संध्याकाळी वाहतुकीच्या नियमांचे पुस्तक आणून ते गादीवर वाचत बसले. ज्या माणसाने आयुष्यभर मागे बसून रस्ता पाहिला, त्याला त्यावरच्या निम्म्या खुणांचा अर्थ ठाऊक नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले.

वाचता वाचता ते अल्पवयीन चालकांच्या कलमापाशी थांबले. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो केवळ 50 सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा, आणि तोही पालकांच्या संमतीने. शिवाय, विनापरवाना चालकाच्या हातून कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर त्या माणसाला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते.

त्यांनी पुस्तक मिटले. व्यापाऱ्याचे मन आकड्यांवर चटकन चालते. पेढी, घर, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, सगळे त्यांनी मनातल्या मनात एका बाजूला मांडले. दुसऱ्या बाजूला दोन गल्ल्यांचे अंतर मांडले. आणि त्या गल्लीत खेळणारी लहान मुले तर कोणत्याच बाजूला मांडता येण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी खिळ्यावरची चावी त्यांनी आपल्या खिशात घातली. मुलगा चार दिवस नीट बोलला नाही.

शिकाऊ परवाना हाती आला. पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ लिहून ती गाडीला पुढे-मागे लावली. कन्येने पहिली अट घातली ती हेल्मेटची. इतकी वर्षे धाकट्याचे हेल्मेट आरशाला लटकलेले असे आणि मागे बसणाऱ्याला ते लागते, हे तर कोणाच्या गावीही नव्हते. त्यांनी आयएसआय चिन्ह पाहून दोन हेल्मेट घेतली.

भल्या पहाटे बाजार समितीचे आवार मोकळे असे. पहिले दोन दिवस कन्येने इंजिन सुरूच करू दिले नाही. गाडी डबल स्टँडवरून उतरवणे, हाताने ढकलत वळवणे, पुन्हा स्टँडवर चढवणे. शंभर किलोंहून अधिक वजनाची ती वस्तू कोणत्या कोनापर्यंत सावरते आणि कोठून पुढे सावरत नाही, हे हातांना कळले पाहिजे, असे तिचे म्हणणे. तिसऱ्या दिवशी क्लच. मूठ हळूहळू सोडत आणताना एक क्षण येतो, जेव्हा इंजिनाचा आवाज किंचित दबतो आणि गाडी पुढे ओढ घेते. तो क्षण सापडेपर्यंत गाडी कितीदा तरी धक्का देऊन बंद पडली. “पप्पा, मूठ सोडू नका, सैल करा,” ती मागून सांगे. चवडा दाबला की गिअर वर चढतो, टाच दाबली की उतरतो. पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र, पण बेताने दाबायचा. वाळूवर किंवा सांडलेल्या धान्यावर पुढचा ब्रेक जोराने दाबला, की चाक घसरते. असे एकेक नवे ज्ञान सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही स्वतःच्या लेकीकडून, मिळवताना त्यांना संकोच वाटला नाही असे नाही. येणारे-जाणारे हमाल थांबून पाहत. एकदा गाडी आडवी झाली आणि गुडघा सोलला, तेव्हा त्यांतल्याच दोघांनी धावत येऊन ती उचलली.

शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. ते तीस दिवस संपले आणि ते चाचणीला गेले. फाटकापाशी एजंट भेटलाच. या वेळी तो जरा आग्रहाने म्हणाला, “शेठ, या वयात कशाला त्रास? सगळे असेच करतात.”

त्यांनी क्षणभर विचार केला नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. रांगेत सगळी विशीतली पोरे होती. घाम फुटला होता. परंतु त्यांना पेढीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा आठवला. दरवर्षी वैधमापनशास्त्र खात्याकडून त्याची तपासणी होते आणि त्यावर शिक्का बसतो. न तपासताच शिक्का मारून देतो, असे कोणी म्हटले असते, तर त्यांच्या वडिलांनी त्याला पेढीची पायरी चढू दिली नसती. ते एजंटाला म्हणाले, “नको. मला येतंय का, तेच तर पाहायचंय.”

आणि तेच दिसून आले. इंग्रजी आठच्या आकड्याच्या मार्गावरील दुसऱ्या वळणावर त्यांची नजर चाकापुढच्या जमिनीवर गेली, गाडी मंदावली आणि डावा पाय टेकला. निरीक्षक शांतपणे म्हणाले, “पाय टेकला. सात दिवसांनी पुन्हा या.”

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी स्वतःच सांगितले, “नापास झालो.” आईने विचारले, “लागलं नाही ना कुठं?” पत्नीने आणखी एक भाकरी वाढली. मुलाच्या मनात महिनाभर साचलेले मात्र बाहेर पडले. “तुम्ही नापास, आणि मला मात्र गाडीला हात लावायचा नाही! मला तर तो आठ सहज काढता येतो.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खरं आहे. तुला माझ्यापेक्षा चांगली येते. पण काटा अगदी बरोबर असला, तरी शिक्क्याशिवाय आपण तो गिऱ्हाइकापुढे ठेवतो का? आणि चूक तुझी नव्हती. दोन वर्षं चावी मी देत होतो. माझं काम वाचत होतं म्हणून देत होतो.”

वडिलांनी चूक कबूल केलेली त्या घरात यापूर्वी कोणी ऐकली नव्हती. मुलगा उत्तर न देता उठला. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे ते आवारात पोहोचले, तेव्हा तो आधीच तेथे आला होता आणि चुन्याच्या फक्कीने जमिनीवर मोठा आठ आखत होता. पुढचे सहा दिवस कन्या मागच्या सीटवर बसे आणि तो कडेने धावत ओरडे, “खाली बघू नका! जिकडं जायचंय तिकडं बघा! मूठ अर्धी धरा, मागचा ब्रेक किंचित लावा!” दुसऱ्याच दिवशी त्यांना उमगले, की गाडी नजरेच्या मागे जाते. तिसऱ्या दिवसापासून पाय टेकेनासा झाला.

आठव्या दिवशी ते उत्तीर्ण झाले. पुढे पोस्टाने परवाना आला. दहा वर्षांच्या मुदतीचा. त्यांनी तो कुटुंबातील सर्वांना दाखविला, देवघरापुढे क्षणभर ठेवला आणि खिशात घातला.

पहिल्या फेऱ्याला निघाले, तेव्हा पेटीतली वही आता पाठीवरच्या पिशवीत होती. पहिल्याच खेड्यातला दुकानदार ओट्यावर येऊन पाहतच राहिला. “शेठ, आज मोठ्या मालकांनीच आणली का गाडी?” चहा झाला, हिशेब झाला. ताशी चाळीसच्या वर न जाता, प्रत्येक वळणावर हॉर्न देत ते सहा गावे करून परतले. अंगणात गाडी डबल स्टँडवर चढवली, तेव्हा सूर्य अजून समोरच्या गच्चीवर होता. पत्नीने पान वाढले.

पुढे आठ महिन्यांनी मुलगा अठरा वर्षांचा झाला. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने शिकाऊ परवान्याचा अर्ज स्वतः भरला, परीक्षाही स्वतः दिली आणि लाल ‘एल’ची जुनी पाटी शोधून काढली. शिकाऊ चालकासोबत परवानाधारक माणूस हवा आणि बहीण तर पुण्याला गेलेली. तेव्हा त्याने दुसरे हेल्मेट वडिलांपुढे धरले. त्यांनी ते मुकाट्याने घातले, पट्टा आवळला आणि मागे बसले. मागच्या सीटवर बसण्याचा तर त्यांना वीस वर्षांचा अनुभव होता.