तेरची एक संध्याकाळ

18 मे हा जागतिक वस्तुसंग्रहालय दिन. 1977 पासून तो पाळला जातो. 2012 साली आम्ही तो लातूरहून तेरला जाऊन साजरा केला. मी, ही, मुलगा-सूनबाई आणि नातू.

रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. गावच्या पांढरीत सापडलेले मणी, मातीच्या मूर्ती, नाणी त्यांनी जन्मभर जमवली. त्यातूनच हे संग्रहालय उभं राहिलं. इथली हस्तिदंती बाहुली थेट पॉम्पेईत सापडलेल्या बाहुलीच्या जातकुळीची! दोन हजार वर्षांपूर्वी तेर म्हणजे तगर, रोमशी व्यापार करणारं.

उन्हं उतरल्यावर बाहेर झाडाखाली धपाटे-दह्याची शिदोरी सोडली. नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कधी असं काही सापडलं का?"

घास घशातच अडकला. नोकरीत असताना एका पोरानं शेतात सापडलेला मणी वर्गात आणला होता. "कचरा कशाला आणलास?" म्हणून मी तो खिडकीबाहेर फेकायला लावला. तास इतिहासाचाच होता.

नातवाला खरं ते सांगितलं. "मग आपण शोधू ना!" तो म्हणाला.

मणी काही आता सापडायचा नाही. त्या मुलाचं उतरलेलं तोंड मात्र अजून आठवतं. कुठं भेटला तर माफी मागेन म्हणतो.