लोखंडाला पाणी लावताना

लोखंडाला पाणी दाखवायचं नाही, ही आमच्या घरातली शिस्त. नांगर असो की वखराची पास, काम झालं की चिखल खरवडायचा, जळकं ऑइल चोपडायचं आणि वस्तू सपरात ठेवायची. ट्रॅक्टरची ट्रॉली सपरात मावत नाही, म्हणून तिला दर दसऱ्याच्या आधी रंग. खंडेनवमीला पूजा करताना फाळक्यांचा निळा रंग बोटाला लागायचा आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. गंज ही कोकणातल्या लोकांची डोकेदुखी, कळमनुरी तालुक्यात समुद्र कुठून येणार, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलेलं आहे.

आता मी ट्रॉली धुतो. पावसाळ्यात तर खताची खेप टाकून आलो की त्याच दिवशी. घरात अण्णांना हे अजून पटलेलं नाही.

मत हललं ते मालवणला. तिथे एकाने ट्रेलरवर चढवलेली बोट ट्रॅक्टरने ओढून वाळूवर आणली आणि ओल्या ट्रेलरवर त्या माणसाने लगेच गोडं पाणी मारायला सुरुवात केली. चाकं, पाटे, चॅनलची पोकळी, काही सोडलं नाही. भिजलेल्याला आणखी कशाला भिजवतोस, असं विचारलंच मी. समुद्राचं पाणी वाळून जातं, मीठ मागे राहतं आणि रात्री हवेतला ओलावा धरून पुन्हा ओलं होतं, एवढंच त्याने सांगितलं. तिथून परतीच्या अख्ख्या वाटेवर माझ्या डोक्यात मात्र आमची पोटॅशची पोती होती.

कारण मीठ आमच्याकडेही येतं, फक्त पोत्यातून. हळद खादाड पीक. तिला द्यायचं लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. वजनात निम्म्याच्या जवळपास नुसतं क्लोराईड, आणि समुद्राच्या मिठात असतं तेच. लोखंडावर गंजाचा जो थर बसतो तो थोडाफार आडोसा देतो. क्लोराईड तो आडोसा टिकू देत नाही. जोडीला युरिया. हवेतला ओलावा पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेला की त्याला आपोआप पाणी सुटतं. उघड्या राहिलेल्या पोत्याचं श्रावणात काय होतं ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तोच युरिया फाटक्या पोत्यातून सांडून फाळका आणि तळपत्र्याच्या फटीत बसतो, तेव्हा मात्र आपण झाडू फिरवून मोकळे होतो.

आणि मग त्यावर दसऱ्याचा रंग! नीट विचार केला तर याच्याइतका वाईट मुहूर्त सापडणार नाही. जूनपासून साचलेलं खत फटीत तसंच, आणि वरून ऑइल पेंटचं झाकण. रंग दिसायला घट्ट असला तरी ओलावा त्यातून हळूहळू झिरपतोच. खालचा क्षार तो ओढून घेतो, रंगाला फोड येतात, आणि फोडाखालचा पत्रा दिसतही नाही. म्हणून रंगकाम मी मे महिन्यात नेलं. हळदीची शेवटची खेप हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात उतरली की ट्रॉली धुवायची, उन्हात कडकडीत वाळवायची, तारेच्या ब्रशने घासायची, रेडऑक्साईड मारायचं, मग रंग. तोही सकाळीच, कारण दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. खंडेनवमीला पूजा होतेच. फक्त ट्रॉली तेव्हा जुन्या रंगात असते.

धुण्याचेही नियम मला नंतर कळले. पूर्वी चिखल फारच झाला तर भरल्या खेपेवरून येताना ट्रॉली तशीच कयाधूच्या पाण्यात घालत असू. त्यात हबचे हाल होतात. धावून तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते. पुढे हब खोलला की ग्रीस दुधासारखं पांढरं निघतं आणि बेअरिंगला गंजाचे ठिपके. बोटीचा ट्रेलर पाण्यात उतरवणारे म्हणूनच आधी चाक निवू देतात. आता मी हबवर हात टिकतो का ते पाहतो, आणि पाणी विहिरीचं घेतो. आमची बोअर खारवट आहे. त्या पाण्याने धुणं म्हणजे पुन्हा तेच.

जळक्या ऑइलवरून घरात अजून वाद आहे. स्वच्छ, कोरड्या लोखंडावर ते चालतं, हे मला मान्य. खताच्या थरावर चोपडलं तर खत आत कोंडतं, आणि उरलेलं ऑइल थेंबाथेंबाने वावरात गळतं.

बोटवाले जस्ताचा मुलामा दिलेले ट्रेलर पसंत करतात. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला राखतं. कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं वाचलं, पण न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपले बसू लागले आणि जहाजं मंदावली! आम्हाला शिंपल्यांची भीती नाही. अडचण वेगळी आहे: मुलामा द्यायचा तर सगळं वेल्डिंग आधी उरकून अख्खा सांगाडा साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवावा लागतो, आणि ट्रॉलीला तर दर हंगामात कुठे ना कुठे टाका मारावाच लागतो. टाका मारला की तिथलं जस्त जळून जातं. तेव्हा पुढची ट्रॉलीही साध्या लोखंडाचीच घेईन. फक्त तळपत्र्याच्या कोपऱ्यांत पाणी निघून जायला भोकं आधीच पाडून घेणार आहे.