सौताड्याची ओल

पाटोदा तालुका म्हणजे बालाघाटचा कोरडा माळ. पण पावसाळ्यात सौताड्याला जाऊन पाहावे. विंचरणा नदी कड्यावरून थेट खोल दरीत कोसळते. दरीत ऊन कमी, म्हणून ओल टिकते. ओढ्याकाठी झाडांच्या सावलीत, ओल्या कातळावर नेचे उगवतात. नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागच्या भुकटीसारख्या बीजाणूंतून त्याचा वंश चालतो आणि त्यासाठी पाण्याची ओल लागतेच. झाड तुटले की सावली जाते, मग ओल, मग नेचा आणि शेवटी मातीही. दुष्काळी तालुक्याला हे परवडणारे नाही. पावसाळ्यात हिरवे कोंब तुडवले जाऊ नयेत, म्हणून तथागतांनी भिक्खूंना वर्षावास सांगितला. सहलीला निघालेल्या मुलाबाळांना आपणही सांगावे : पायवाट सोडू नका, नेचा उपटू नका.