स्ट्रॉ आणि सिपर

फादर स्टॅन स्वामींचं नाव मला कळलं ते एका स्ट्रॉमुळे. पार्किन्सन्समुळे हात थरथरायचे, पेला धरवत नसे. नोव्हेंबर २०२० मध्ये तळोजा तुरुंगातून ८३ वर्षांच्या या जेझुइट फादरनी कोर्टाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. उत्तर द्यायला एनआयएने २० दिवस मागितले. (ऑनलाइन मागवला तर दोन दिवसांत येतो.)

आमच्या चर्चमध्ये न्याय म्हटलं की शेवटच्या दिवसाचा न्याय. फादरसाठी न्याय म्हणजे झारखंडच्या तुरुंगांत सडणारे आदिवासी कच्चे कैदी आणि त्यांच्यासाठी हायकोर्टात केलेली याचिका. आम्ही नाताळात ब्लँकेटं वाटतो. ब्लँकेटांवर कुणी चिडत नाही, याचिकेवर चिडतात.

५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात ते गेले. जामिनाचा निकाल लागायचा होता. खटला सुरूही झाला नव्हता.