धुराची चव

'आस्वाद' हा शब्द आपण वर्गात इतक्या सहजपणे वापरतो की, त्यामागे एक जीभ आणि एक नाक आहे याचा विसर पडतो. मला त्याची आठवण करून दिली ती एका बाटलीने. गोव्यात नोकरी करणारा पुतण्या काही वर्षांपूर्वी दिवाळीला रिसोडला आला, तेव्हा त्याने ती आणली होती. कुंकळ्ळीला तयार होणारी 'पॉल जॉन बोल्ड' ही सिंगल माल्ट व्हिस्की. जव भारतातले, पण त्यांना धुरी देण्यासाठी लागणारे पीट स्कॉटलंडच्या आयला बेटावरून आणलेले. म्हणजे धूरच आयात केलेला!

पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेले शेवाळ आणि झाडोरा. त्याचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. आयलावर झाडे फार थोडी. त्यामुळे तिथली माणसे हेच खणून, वाळवून चुलीत घालीत, आणि मोड आलेले ओले जवही त्यावरच वाळवीत. धुरातली फिनॉल वर्गातली द्रव्ये जवाच्या टरफलाला चिकटतात आणि भट्टीतून पार पडूनही काही प्रमाणात दारूत उरतात. आज अभिजात मानली जाणारी ही चव अशी सरपणाच्या टंचाईतून जन्मलेली आहे.

या मद्याचे वर्णन करताना जाणकार आयोडीन, समुद्रशेवाळ, डांबर, इस्पितळातले बँडेज असे शब्द योजतात. मी पेला नाकाशी नेला आणि ते सारे शोधू लागलो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्याच्या शेवाळाची ओळख माझ्या नाकाला कुठून असणार? परक्या समीक्षेतल्या उपमा पाठ करून कविता शिकवणाऱ्या मास्तरासारखी माझी अवस्था झाली. जे जाणवत नव्हते त्याला मी मान डोलावीत होतो.

आई शेजारी बसली होती. दारूचे नाव काढले तरी उठून जाणारी ती बाई. पण नातवाने आग्रहाने पेला पुढे केला तेव्हा तिने नुसता वास घेतला. म्हणाली, "हे तं आपल्या चुलीचा धूर होय. धुराचेही पैसे घेतेत का रे?"

आम्ही हसलो. पण तिचे नाक अचूक होते. वनस्पतीतले लिग्निन जळले की ग्वायाकोल सुटते. मग ते पीट असो, पऱ्हाटी असो की गोवरी. हुरड्याची आगटी, चुलीवरच्या दुधाची धुरकट साय, बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची धुरी, हे सारे त्या पेल्यात होते. शब्द माझ्याच घरात होते आणि मी ते आयलाला शोधत होतो.

इथे हा लेख संपला असता तर बरे झाले असते. पण त्याच आईने चाळीस वर्षे पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुरात फुंकणी फुंकली होती. पुढे तिचा दम लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी विचारले होते, "घरात विडी कोण ओढतं?" कोणीच ओढत नव्हते. मला आठवतो तो सायीचा खरपूस वास; तिला आठवत असेल ती डोळ्यांची आग. एकाच धुराचा मी आस्वादक होतो, आणि ती त्याची चव नव्हे, तो धूरच घेत राहिली होती. आयलाच्या स्वयंपाकघरांतल्या बायकांनाही पीटची चव विचारायला कोणी गेले असेल, असे वाटत नाही.

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. बाटलीत तळाशी थोडी उरली आहे. चव उत्तमच आहे, ते नाकारणे ढोंग ठरेल. कधीतरी बूच काढून मी नुसता वास घेतो. पहिल्या क्षणी हुरडा आठवतो, आणि त्यामागोमाग, थोड्या वेळाने, तिचा खोकला ऐकू येतो.