खाली उतरायला लावणारी गाडी

एस.टी. जिथे थांबायची, तिथून पुढचा महाराष्ट्र जीपचा होता. डोंगरकपारीतल्या वाडीवर लस पोचायची ती जीपमधून, निवडणुकीच्या मतपेट्या जायच्या त्या जीपमधून, आणि दुष्काळी कामाची मोजणी करायला ओव्हरसिअर यायचे तेही जीपमधूनच. साताऱ्या-कोल्हापुराकडे वडाप म्हणून धावणाऱ्या जीपमध्ये आत जितकी माणसं, जवळपास तितकीच मागच्या पायरीवर लोंबकळणारी. लग्नाचा बस्ता, माहेरी निघालेली बाळंतीण, युरियाची पोती, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचा म्हातारा, सगळ्यांची सोय त्याच दोन बाकड्यांवर. आमच्याकडे जीप आधी सरकारी होती, मग गावची झाली आणि फार उशिरा हौसेची झाली.

हौसेची झाल्यावर मात्र तिच्यावर जीव लावणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. लष्कराच्या लिलावातून सांगाडा उचलायचा, वर्ष-दोन वर्षं त्याच्यावर खपायचं, जुन्या बाजारातून गिअरबॉक्स हुडकून आणायचा. या मंडळींच्या तोंडी ‘लो बॉनेट’, ‘हाय बॉनेट’, ‘540’, ‘550’ ही जीपच्या प्रकारांची नावं घरातल्या माणसांच्या नावांसारखी येतात. मी त्यांच्यातच वाढले. त्यामुळे 2020 साली, टाळेबंदीच्या त्या विचित्र वर्षात, महिंद्रांची जीपच्या वंशातली नवी थार आली तेव्हा या लोकांच्या मनात काय चाललं होतं ते मला जवळून पाहता आलं. 15 ऑगस्टला तिचं दर्शन झालं, 2 ऑक्टोबरला ती बाजारात आली. सगळे खूश होते आणि सगळ्यांनाच आत कुठेतरी काहीतरी खुपत होतं.

खुपण्यासारखं होतंही. आधीची थार 2010 ची. ती दिसायला आणि वागायला अजून जीपच होती. मागे कमानपाटे, वर ताडपत्रीचं हूड, पावसात दाराच्या फटीतून मांडीवर येणारं पाणी. तिच्या शेवटच्या 700 गाड्या 2019 मध्ये निघाल्या, त्यांच्यावर आनंद महिंद्रांच्या सहीची पट्टी होती. निरोप रीतसर दिला गेला. आणि मग जी आली तिच्यात ऑटोमॅटिक गिअर, टचस्क्रीन, कारखान्यातूनच बसवलेलं टणक छप्पर, मागे कमानपाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग, 130 अश्वशक्तीचं डिझेल नाहीतर 150 अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल. काच पुढे आडवी पाडून वारा तोंडावर घेण्याची सोय गेली. तोंडवळाही बदलला. जीपच्या जाळीतल्या त्या सात उभ्या फटींवर अमेरिकेतल्या जीप कंपनीचा हक्क आहे. थारच्याच पायावर बांधलेल्या रॉक्सर या गाडीवरून महिंद्रांना तिकडे मोठा वाद झेलावा लागला होता. नव्या थारची जाळी वेगळी आहे. ती पाहून आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “गाडी चांगली आहे हो. पण ओळख द्यायला कचरतेय.”

त्यांचं दुःख मला खरं वाटतं, तरी त्यातला एक धागा मला पटत नाही. ज्या हाय बॉनेटवर ते जीव टाकतात, ती तरी मूळची कुठे आहे? दुसऱ्या महायुद्धातली विलीज कंपनीची जीप बुटकी, सपाट बॉनेटची. 1953 मध्ये विलीजने जास्त ताकदीचं, पण उंचीनेही जास्त असं इंजिन बसवलं. ते मावेना म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. ती सीजे-3बी. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी करण्यापासून सुरुवात केली होती. पुढे हीच उंच कपाळाची जीप आपल्याकडे इतकी वर्षं बनत राहिली की तिचं ते कपाळच आपल्याला जीपचं खरं रूप वाटू लागलं. मग पेट्रोल परवडेना, तेव्हा डिझेल आलं. 540 मध्ये प्यूजोचं इंजिन आलं आणि जीपचा आवाजच पालटला. आज तोच धडधडणारा आवाज कानावर पडला की जुन्या लोकांचे डोळे चमकतात. म्हणजे प्रत्येक पिढीने आपल्या तरुणपणी जी नवी होती, तीच अस्सल मानली. नव्या थारच्या बाबतीतही हेच होणार.

मग हळहळ कशाची? मला वाटतं, जाळीची नाही आणि ताडपत्रीचीही नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. नोकरीभर सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी 550 घेतली. मी तिच्यावर गाडी शिकले. त्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हबची गोल चकती होती. डांबरी रस्त्यावर हब मोकळे ठेवायचे, म्हणजे पुढचे शाफ्ट उगीच फिरत नाहीत, डिझेल वाचतं. चिखल आला की खाली उतरायचं, चाकाशी उकिडवं बसायचं आणि चकती बोटांनी फिरवून ‘लॉक’च्या खुणेवर आणायची. मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूची. त्याशिवाय आत बसून फोर-व्हीलचा दांडा कितीही ओढा, पुढची चाकं ओढ घ्यायची नाहीत. चकतीच्या खाचेत आधीच्या फेरीचा चिखल वाळून बसलेला असे. तो नखाने उकरावा लागे आणि उन्हात तापलेलं ते लोखंड बोटाला चटका देई.

बाबांचा नियम एकच होता. हब चिखलात जाऊन लावायचे नाहीत, चिखलाच्या अलीकडे लावायचे. मी उतरले की ते आतूनच म्हणायचे, “आता बसलीच आहेस तर बघून घे.” बघायचं म्हणजे काय, ते उकिडवं बसल्यावरच कळतं. सीटवरून ओढ्याचं पाणी सपाट दिसतं. चाकाच्या उंचीवरून पाहिलं की पाण्याखालचा धोंडा कळतो, पलीकडच्या काठाची माती ओली आहे की नुसतीच काळी आहे ते कळतं, दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा डिफरन्शियलच्या गोळ्याला लागणार की नाही याचा अंदाज येतो. “पँट वर कर आणि चालून ये,” हे पुढचं वाक्य. मी ओढ्यातून चालत पलीकडे जायची आणि चालत परत यायची. तोवर पाण्याचा जोर पोटऱ्यांना कळलेला असे. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजला, क्लचला पायही न लावता.

त्या गाडीने आम्हाला जमिनीशी बोलायला लावलं. आवड म्हणून आम्ही उतरत नव्हतो, तिच्या रचनेतच ते होतं. आता ती सक्ती गेली आहे. नव्या थारमध्ये ऊन-पावसात आत बसूनच दांडा ओढला की चारही चाकं कामाला लागतात. तो दांडा त्यांनी हाताने ओढायचाच ठेवला, बटण केलं नाही, याबद्दल मी त्या अभियंत्यांची मनापासून ऋणी आहे. त्याला अजून नेट लागतो, अजून खडाक् आवाज होतो. पण दार उघडावं लागत नाही.

हळहळ सांगितली, आता दुसरी बाजू. ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

जीपमधल्या त्या समोरासमोरच्या बाकड्यांबद्दल फार गोड लिहिलं जातं. गुडघ्याला गुडघा लागायचा, अनोळखी माणसं बोलू लागायची, कुणाच्या पिशवीतली पेरूची फोड तुमच्या हातात यायची. हे सगळं खरं आहे, ती फोड मीही खाल्ली आहे. पण त्या बाकड्यांना पट्टे नव्हते. गाडी आदळली तर आडवा बसलेला माणूस थेट पुढच्या माणसावर, नाहीतर दाराबाहेर. घाटातल्या वडापच्या अपघाताच्या बातम्या वाचतच आमची पिढी मोठी झाली. त्यातली नावं अनेकदा ओळखीच्या गावची असत. 2019 पासून सगळ्या मोटारींना ब्रेकची एबीएस यंत्रणा सक्तीची झाली, 1 एप्रिल 2020 पासून इंजिनांना धुराचे बीएस-6 निकष लागू झाले. जुन्या थारला या दारातून आत येणं अवघड होतं. नव्या थारमध्ये मागची सीट पुढे तोंड करून आली, पट्टे आले, एअरबॅग आल्या, डोक्यावर पोलादी पिंजरा आला आणि ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत तिला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. मुलांसाठी चार तारे हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं. जीपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलेली पोरं मला आठवतात. ज्यांना बाकडी हवीत, त्यांनी ती खुशाल आठवणीत जपावीत. पण आपल्या नातवाला तिथे बसवू नये.

इगतपुरीकडच्या एका डोंगरउतारावर जुनी 540 आणि नवी थार मी पाठोपाठ चढताना पाहिल्या आहेत. पावसाने धुपलेली, तिरकी घळ. 540 चा एक पाय हवेत गेला, चाक नुसतंच गरगरायला लागलं, मातीचे गोळे मागे उडाले. चालवणारे काका, सत्तरीच्या पुढचे, जराही गडबडले नाहीत. गाडी हातभर मागे घेतली, स्टिअरिंग अंगठाभर वळवलं आणि त्या वेगळ्या कोनातून एका दमात वर नेली. टाळ्या पडल्या. मग थार आली. तिचंही चाक त्याच जागी सुटलं. क्षणभर गर्रगर्र आवाज झाला, मोकळ्या चाकाला ब्रेकने आपोआप धरलं, मागचं डिफरन्शियल खट्कन लॉक झालं आणि गाडी चालत गेल्यासारखी वर. आत विशीतली मुलगी होती, पहिल्यांदाच डोंगरात आलेली. तिलाही टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा. 540 वाले काका मात्र तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, “बाळ, छान आणलीस. आता खाली उतरून बघ, तुझी गाडी कुठून आली ते.” तिला घेऊन ते ती घळ चालत उतरले. चाक कुठे सुटलं, का सुटलं, आपण तिथे काय केलं असतं, ते तिला दगडागणिक दाखवत होते. मला त्या दिवशी वाटलं, नव्या गाडीने हिरावलेलं माणूस परत देऊ शकतं.

दुरुस्तीचं मात्र मनाला लागतं. 550 कुठेही बंद पडली तरी तिथून जवळच्या गावात तिला खोलणारा मिस्त्री भेटायचा. डिझेलच्या लायनीत हवा धरली असेल तर तो पान्याने नट सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस जाऊन निव्वळ डिझेल यायला लागलं की नट आवळायचा. मी बाजूला उभी राहून ते शिकले. आज सेन्सर बिघडला तर त्याच मिस्त्रीपाशी हात आहे, अक्कल आहे, पण गाडीशी बोलणारं यंत्र नाही. धूर कमी झाला, हवा सुधारली, हे मला मान्य आहे. तरी मिस्त्रीला बाजूला सारून झालेलं आधुनिकीकरण पुरतं झालंय असं मी म्हणणार नाही. त्याला शिकवणं, ते यंत्र त्याच्या हातात देणं, हे कंपन्यांचं काम आहे आणि ते त्यांनी करावं.

हे सगळं फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये सॉलिहलच्या कारखान्यातून जानेवारी 2016 मध्ये शेवटची जुनी लँड रोव्हर डिफेंडर बाहेर पडली, तेव्हाही असाच गलबला झाला. 2019 मध्ये नवी आली ती वेगळ्या चेसिसशिवाय, ॲल्युमिनियमच्या एकसंध अंगाची. जिम रॅटक्लिफ या उद्योगपतीला तर इतकं चुकल्यासारखं झालं की त्यांनी जुन्या धाटणीची नवी गाडीच बनवायला घेतली आणि लंडनच्या एका पबवरून तिचं नाव ग्रेनेडियर ठेवलं. लँड रोव्हरची मालकी 2008 पासून टाटांकडे आहे, म्हणजे तिकडच्या त्या वादाचा एक पाय मुंबईत होता.

ऑगस्ट 2024 मध्ये थार रॉक्स आली. पाच दारं, वर काचेचं मोठं सनरूफ, छप्पर काढायची सोय नाही. आजी-आजोबांना घेऊन जायला उत्तम. ती शहरात खूप दिसते आणि दिसावी. ती विकली जाते म्हणूनच कारखाना छोटी, आडदांड थारही बनवत राहू शकतो, असं मला वाटतं. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. 650 मिलिमीटर पाण्यातून जाणारी, आपोआप चाक धरणारी गाडी आता ज्याच्याकडे पैसे आहेत त्या कुणाच्याही हाती येते. जुनी जीप न शिकलेल्याला डोंगरात जाऊच देत नव्हती, पहिल्या चढालाच थांबवायची. नवी थांबवत नाही.

म्हणून थार घेतलेल्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. कासच्या पठारावर जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो, चार बोटंसुद्धा नाही, आणि सगळी फुलं त्यावरच जगतात. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी खोदलेली कातळशिल्पं आहेत. त्यांची रेघ बोटभर खोल, गाडीतून ती दिसतही नाही. वेळासच्या वाळूत कासवं अंडी पुरून जातात, वरून नुसती वाळू दिसते. अशा जागी तुमची गाडी सहज जाऊ शकते, म्हणूनच नेऊ नका. कडेला लावा आणि चालत जा. आणि जिथे गाडी न्यायला परवानगी आहे, वाट आहे, तिथेही चिखलाच्या अलीकडे थांबा, दार उघडा, चाकाशी उकिडवं बसा आणि पुढची वाट आधी पायी चालून या.